चेतापेशीला आकार देणारे तीन धागे: अंड्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

पहिल्यांदा चेतापेशी फिक्स केल्या, म्हणजे रसायनाने आहेत तशा थांबवल्या, तेव्हा मी फ्रीजमधून काढलेलं थंडगार पीबीएस (फॉस्फेट बफर घातलेलं मिठाचं पाणी) थेट त्यांच्यावर ओतलं. आदल्या रात्री ग्रोथ कोन (पेशीतून निघणाऱ्या लांब तंतूंची, म्हणजे अक्षतंतूंची, वाढती टोकं) हाताच्या पंजासारखे पसरलेले होते. सकाळी पाहिलं तर त्यांच्या जागी गोळे, आणि अक्षतंतूंच्या जागी मण्यांच्या माळा. मला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं. शेजारच्या सीनियरने आयपीसमध्ये डोळा लावला आणि म्हणाली, "हे पेशींनी नाही केलेलं. तू केलंस."

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी हे ऐकावं लागतं. चेतापेशीचा आकार प्रथिनांच्या तीन प्रकारच्या धाग्यांवर उभा असतो, आणि ते धागे भलतेच नाजूक मिजाशीचे आहेत. त्यामुळे खालच्या कृतीत पायरीइतकंच तिच्यामागचं कारणही सांगितलं आहे. कारण कळलं की तुमच्या लॅबमध्ये जे सामान असेल त्यात कृती बसवता येते. लेख एमएस्सी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. भ्रूणावरच्या कामासाठी संस्थेच्या समितीची परवानगी लागते का, हे अंडी आणण्याआधी विचारून घ्या.

आधी धाग्यांची ओळख

मांडवाचं उदाहरण घेऊ. उभे-आडवे बांबू म्हणजे सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिनच्या ८ नॅनोमीटर लांब जोड्या एकापुढे एक लागतात, अशा बहुधा १३ रांगा मिळून २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी होते. नळीला दिशा असते: एक टोक भराभर वाढतं, दुसरं मंद. अक्षतंतूत सगळी वाढती टोकं पेशीपासून दूर, टोकाकडे वळलेली असतात. वृक्षिकांमध्ये, म्हणजे संदेश घेणाऱ्या आखूड फांद्यांमध्ये, दोन्हीकडे तोंड केलेल्या नलिका मिसळलेल्या असतात. माल वाहणारी कायनेसिन आणि डायनेइन ही प्रथिनं याच रुळांवरून धावतात, त्यामुळे रुळांची दिशा बदलली की कुठला माल कुठे पोहोचणार तेही बदलतं.

ताणलेल्या दोऱ्या म्हणजे अ‍ॅक्टिन, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचं. ग्रोथ कोनच्या कडेला याची जाळी आणि बोटं असतात. अक्षतंतूच्या आवरणाखाली याची गोल कडी साधारण १९० नॅनोमीटर अंतरावर एकामागून एक बसलेली असतात आणि मध्ये स्पेक्ट्रिनचे ताण दिलेले असतात. ही रचना २०१३ मध्ये हार्वर्डच्या शाओवेई झुआंग यांच्या गटाने दाखवली. त्याआधी शंभर वर्षं लोक अक्षतंतू पाहत होते, पण साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची नजर २०० नॅनोमीटरच्या आसपास थकते, म्हणून कडी कुणाला दिसलीच नाहीत.

तिसरा धागा न्यूरोफिलामेंट, १० नॅनोमीटरचा. याला दिशा नाही आणि याच्यावरून कुठलीही मोटर धावत नाही. काथ्याच्या सुंभासारखा हा ओढ सहन करतो आणि जागा भरतो. याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

मांडवाची उपमा इथे संपते. मांडवाचा बांबू रात्रीतून दोन हात लांब होत नाही आणि दोऱ्या मिनिटाला सुटून पुन्हा बांधल्या जात नाहीत. पेशीत हे सतत चालू असतं, आणि आपल्याला पकडायचा आहे तो त्यातला एक क्षण.

अंडी आणि गंडिका

उंदराच्या भ्रूणातल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी उत्तम, पण त्यांना प्राणीगृह लागतं, कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर लागतो, खर्चही बराच. सुरुवात कोंबडीच्या अंड्याने करा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या गंडिका असतात, लॅबमध्ये सगळे त्यांना डीआरजी म्हणतात. त्यातल्या संवेदी चेतापेशी एका दिवसात अक्षतंतू फेकतात. मर्यादा एवढीच की या पेशींना वृक्षिका नसतात, त्यामुळे अक्षतंतू आणि वृक्षिका यांतला फरक अभ्यासायचा असेल तर हिप्पोकॅम्पसला पर्याय नाही.

या गंडिकांचा इतिहासही मोठा आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी रिओ दे जानेरोत अशाच गंडिका काचेवर वाढवल्या. विशिष्ट गाठीच्या (ट्यूमरच्या) सान्निध्यात त्यांच्याभोवती तंतूंचं दाट तेजोवलय उमटलं. त्यातून चेतावाढ घटक, म्हणजे एनजीएफ, हाती लागला आणि १९८६ मध्ये त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह नोबेल मिळालं. ते वलय तुम्हालाही पहिल्याच आठवड्यात दिसेल.

दुकानातली अंडी चालत नाहीत. व्यावसायिक पोल्ट्रीत कोंबडा नसतो, म्हणून ती फलित नसतात. हॅचरीतून फलित अंडी आणा. लगेच वापरायची नसतील तर १५ अंशांच्या आसपास ठेवा. पाच-सहा दिवस चालतात, पण फार जुनी झाली की बरीच अंडी वाया जातात. ३७.५ ते ३८ अंशांवर, आत पाण्याचा ट्रे ठेवून, दिवसातून दोन-तीनदा फिरवत उबवा. काढायची वेळ आठवा किंवा नववा दिवस. इन्क्युबेटरचं तापमान खाली-वर होत असेल तर दिवस मोजण्यात अर्थ नाही. हँबर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१च्या ४६ टप्प्यांच्या तक्त्याशी भ्रूणाची चोच आणि पाय ताडून पाहा. (हे हँबर्गर म्हणजे लेवी-मोंताल्चिनींना सेंट लुइसला बोलावून घेणारे तेच.)

कव्हरस्लिप आदल्या दिवशी तयार करा, ०.१७ मिलिमीटर जाडीच्या. ही जाडी महत्त्वाची आहे, कारण ऑब्जेक्टिव्ह तिच्याच हिशेबाने घासलेलं असतं. पेशी काचेला चिकटाव्यात म्हणून पॉली-लायसिन ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, निदान तासभर. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, आणि खरोखर तीनदाच. मोकळं राहिलेलं पॉली-लायसिन पेशींना विष आहे. दुसऱ्या दिवशी त्यावर लॅमिनिन (अक्षतंतूंना वाढताना पकड देणारं प्रथिन), १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर एक-दोन तास. लॅमिनिनची कुपी घाईघाईने हातात धरून वितळवू नका, तिच्या गुठळ्या होतात. रात्री फ्रीजमध्ये सरकवा, सकाळपर्यंत हळूहळू विरघळते. एकदा लावलेलं लॅमिनिन वाळू द्यायचं नाही.

अंडं ७० टक्के अल्कोहोलने पुसा, बोथट टोक वर करून हवेच्या कप्प्यावरचं कवच काढा. भ्रूण थंड सलाइनच्या डिशमध्ये घेऊन लगेच शिरच्छेद करा. पाठीवर झोपवून पोटातले अवयव चिमट्याने अलगद काढले की मधोमध कणा आणि दोन्ही बाजूंना गंडिका दिसतात. पायांकडे जाणाऱ्या, कमरेजवळच्या गंडिका सर्वांत मोठ्या, नवशिक्याने त्याच घ्याव्यात. पाच नंबरच्या चिमट्याने चेतांच्या मुळांसकट उचला, मग डिशमध्ये मुळं छाटा. मुळं राहिली तर तंतू त्या बाजूने कसेही वाढतात आणि वलय बिघडतं. इथे थंडी चालते, कारण आत्ता तंतू तोडलेलेच आहेत, ते पुन्हा नव्याने वाढणार आहेत.

वाढवणं

एल-१५ हे माध्यम घ्या. ते हवेतच आपलं पीएच सांभाळतं, कार्बन डायऑक्साइड लागत नाही. लहान कॉलेजात हे काम शक्य होतं ते यामुळेच. त्यात १० टक्के सीरम, अँटिबायोटिक, थोडं जादा ग्लुकोज (एल-१५ मध्ये मुळात गॅलॅक्टोज असतं) आणि एनजीएफ २० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. एनजीएफ महाग आहे म्हणून गाळण्याचा मोह होतो. गाळलंत तर दुसऱ्या दिवशी काचेवर नुसता गोळा सापडेल.

गंडिका चिकटत नाही, तरंगते, ही नेहमीची तक्रार. उपाय सोपा: सुरुवातीला माध्यम इतकं कमी घाला की काच जेमतेम ओली राहील. पाणी कमी असलं की त्याचा ताणच गंडिकेला काचेवर दाबून धरतो. दीड-दोन तासांनी बाकीचं माध्यम काठावरून सोडा. डिश एका डब्यात, ओल्या टिश्यूसह, ३७ अंशांवर. सुट्या पेशी हव्या असतील तर गंडिका ट्रिप्सिनमध्ये १५–२० मिनिटं ठेवून, टोक आगीवर गुळगुळीत केलेल्या पाश्चर पिपेटने वर-खाली करा. बुडबुडा एकही नको.

१८ ते २४ तासांत वलय तयार. रंगवण्याआधी अर्धा तास फेज कॉन्ट्रास्टखाली जिवंत पेशी बघा, मिनिटाला एक फोटो घ्या. हा वेळ वाया जात नाही. ग्रोथ कोनच्या कडेची बोटं पुढे येतात, चाचपतात, मागे जातात. अ‍ॅक्टिन कडेला जुळतं, मागे ओढलं जातं आणि मध्याजवळ सुटतं, असा पट्टा सतत फिरत असतो. बोट लॅमिनिनला पक्कं धरतं तेव्हा पट्ट्याची ओढ काचेवर लागते आणि मागून सूक्ष्मनलिका त्या वाटेने आत घुसतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्याच भ्रूणात हा शंकू, म्हणजे ग्रोथ कोन, पहिल्यांदा वर्णन केला, तो मेलेल्या आणि चांदीने रंगवलेल्या ऊतीत. तरीही तो भिंती फोडणाऱ्या ओंडक्यासारखा पुढे सरकत असणार, हे त्यांनी ओळखलं. हलताना तो पाहायला १९०७ साल उजाडलं. रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा लोंबत्या थेंबात वाढवून ते दाखवलं.

सूक्ष्मदर्शकाची खोली एसीने गारठलेली असेल तर एसी बंद करा.

थांबवणं, म्हणजे फिक्स करणं

चित्र इथेच चांगलं येतं किंवा बिघडतं. तीन धाग्यांचे तीन स्वभाव लक्षात ठेवा. सूक्ष्मनलिका थंडीत सुटतात. अक्षतंतूतल्या काही जुन्या, स्थिर नलिका टिकतात, पण ग्रोथ कोनमधल्या कोवळ्या नलिका जातात. कॅल्शियमनेही सुटतात. अ‍ॅक्टिनची बोटं धक्क्याने आखडतात. न्यूरोफिलामेंट या सगळ्याला दाद देत नाही, फार टिकाऊ आहे.

म्हणून फिक्सेटिव्ह ३७ अंशांवर गरम हवं. पेशीवरचं माध्यम काढून टाकू नका. ८ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड आणि ८ टक्के साखर (सुक्रोज) असलेलं द्रावण, माध्यमाच्या बरोबरीच्या आकारमानाने, डिशच्या काठावरून हळू सोडा. मिसळून दोन्ही ४ टक्के होतात. १५–२० मिनिटं. साखर नसली तर पेशी फुगतात. नलिकाच मुख्य विषय असतील तर द्रावण पीबीएसऐवजी पाइप्स बफरमध्ये करा: पाइप्स ८० मिलिमोलर, ईजीटीए १, मॅग्नेशियम क्लोराइड १, पीएच ६.८. ईजीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. पाइप्सची पूड पाण्यात टाकली की दुधाळ राहते, विरघळत नाही. घाबरून बाटली ओतून देऊ नका. सोडियम हायड्रॉक्साइड घालत गेलं आणि पीएच वर चढला की ती अचानक स्वच्छ होते. (हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन बाटल्या नाल्यात गेल्या.)

नलिका आणखी स्वच्छ हव्या असतील तर ०.२५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड जोडा, पण मग काच स्वतःच चमकायला लागते. ती चमक मारायला ताजं सोडियम बोरोहायड्राइड, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, दहा मिनिटं. त्यातून बुडबुडे येतात, कव्हरस्लिप तरंगते, चिमटा हाताशी ठेवा. उणे २० अंशांच्या मिथेनॉलने नलिका झटकन आणि छान फिक्स होतात, पण त्यात अ‍ॅक्टिनची घडण मोडते आणि फॅलॉइडिन चिकटतच नाही. तिन्ही धागे एका काचेवर हवे असतील तर मिथेनॉल विसरा. हे सगळं फ्यूम हूडखाली.

रंगवणं

पेशीच्या आवरणाला भोकं पाडायला ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन पाच-दहा मिनिटं, मग प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून ३ टक्के बीएसए (एक प्रथिन) एक तास. सूक्ष्मनलिकांसाठी ट्युज-१ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) घ्या. ते चेतापेशींतलं बीटा-३ ट्युब्युलिन ओळखतं, गंडिकेतल्या इतर पेशी बाजूला पडतात. न्यूरोफिलामेंटसाठी कोंबडीत ३ए१० चांगलं चालतं. पण ट्युज-१ आणि ३ए१० दोन्ही उंदराची आहेत, एकाच काचेवर लावली तर दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला धरणारं, रंग जोडलेलं) दोघांनाही धरेल आणि दोन्ही चित्रं एकसारखी येतील. यातलं एक सशाचं मागवा किंवा दोन वेगळ्या काचा रंगवा. ऑर्डर देण्याआधी हे तपासलं नाही म्हणून महिना गेलेला मी पाहिला आहे. प्राथमिक प्रतिपिंड रात्रभर ४ अंशांवर. फिक्स झाल्यावर थंडीची भीती नाही.

अ‍ॅक्टिनसाठी प्रतिपिंड नको, रंग जोडलेलं फॅलॉइडिन घ्या, दुय्यम प्रतिपिंडाबरोबरच, अंधारात. फॅलॉइडिन 'डेथ कॅप' या जीवघेण्या अळंबीतून येतं आणि फक्त जुळलेल्या धाग्यालाच चिकटतं, सुट्या अ‍ॅक्टिनला नाही. हातमोजे घाला. फोटो दोन-चार दिवसांत काढा, नंतर हा रंग फिका पडत जातो. दर वेळी एक काच फक्त दुय्यम प्रतिपिंड लावून ठेवा, नाहीतर पार्श्वभूमीची चमक आणि खरा संदेश यांत फरक कळणार नाही.

चित्र वाचणं

निरोगी अक्षतंतूत ट्युब्युलिनची रेघ अखंड असते. तुटक, मणीदार असेल तर ती पेशी मोजू नका, आणि सगळ्याच तशा असतील तर फिक्स करण्यातली चूक शोधा. ग्रोथ कोनमध्ये नलिका पंख्यासारख्या फाकलेल्या असल्या तर तो पुढे सरकत होता. वळून वेटोळं झालेलं असेल तर बहुधा थांबलेला. फॅलॉइडिन कडेला झगमगतं आणि अक्षतंतूत फिकं असतं. तिथे अ‍ॅक्टिन नाही असं समजू नका, ती १९० नॅनोमीटरची कडी तुमच्या यंत्राच्या नजरेपलीकडे आहेत. या कड्यांचं जाळं ताण सहन करणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणून वागतं, हे २०२० मध्ये बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था यांच्या गटांनी अशाच कोंबडीच्या अक्षतंतूंना ताणून दाखवलं.

न्यूरोफिलामेंट पेशीच्या बाजूला ठळक आणि टोकाकडे विरळ दिसेल, बोटांमध्ये नाहीच. हे धागे पेशीपिंडातून निघून संथपणे पुढे जातात, सरासरी दिवसाला एखादा मिलिमीटर. माणसाच्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब, म्हणजे प्रवास जवळजवळ तीन वर्षांचा. गंमत म्हणजे हा धागा धावतो तेव्हा वेगातच धावतो, फक्त बहुतेक वेळ थांबलेला असतो.

याचं खरं काम मात्र या डिशमध्ये दिसणार नाही, हे आधीच सांगतो. मायलिनचं वेष्टण चढलं की न्यूरोफिलामेंटच्या बाजूच्या शेपट्यांवर फॉस्फेट चढतं, धागे वाढतात आणि अक्षतंतू जाड होतो. जाड अक्षतंतूत संदेश वेगाने जातो. जपानमध्ये थरथरणाऱ्या लाव्या सापडल्या, त्यांच्यात न्यूरोफिलामेंटच नव्हते. १९९१ च्या सुमारास त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा अक्षतंतू होते, पण बारीक. आकाराची लांबी एका धाग्याने येते आणि जाडी दुसऱ्याने, हे या पक्ष्याने निसर्गतःच दाखवून दिलं. माणसात न्यूरोफिलामेंटच्या हलक्या साखळीचं जनुक बिघडलं तर शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार होतो. अक्षतंतू मोडले की हीच साखळी रक्तात सांडते. २०२३ मध्ये अमेरिकेत एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) एका जनुकीय प्रकारावरच्या टोफर्सेन औषधाला वेगवान मंजुरी मिळाली ती रक्तातली ही पातळी उतरल्याच्या आधारावर.

मोडून पाहणं

कुठला धागा काय करतो हे कळायला एकेक काढून बघावं लागतं. १९७० मध्ये यामादा, स्पूनर आणि वेसेल्स यांनी याच गंडिकांवर हे केलं. तुम्ही चार डिश घ्या: एक नुसती डीएमएसओची, म्हणजे औषधं ज्यात विरघळवतो त्या द्रावकाची (०.१ टक्क्याच्या वर नको), एकीत नोकोडाझोल १० मायक्रोमोलर, एकीत सायटोकॅलासिन डी १ मायक्रोमोलर, चौथीत दोन्ही. अर्धा तास.

नोकोडाझोलने नलिका सुटतात, अक्षतंतू मणीदार होतो आणि मागे ओढला जातो. सायटोकॅलासिनने बोटं जातात, टोक गुळगुळीत होतं. सोपा अंदाज असा की वाढ थांबणार. पण १९८४ मध्ये मार्श आणि लेटर्नो यांनी दाखवलं की चिकट काचेवर बोटांशिवायही अक्षतंतू वाढतो, फक्त वळणावळणाने, दिशा हरवल्यासारखा. चौथी डिश सर्वांत बोलकी: दोन्ही धागे काढले तर मागे ओढणं बरंच कमी होतं. म्हणजे मागे खेचणारं अ‍ॅक्टिन होतं आणि त्याला अडवून धरणाऱ्या नलिका. कोपऱ्याचा बांबू काढला की मांडव कोसळतो, पण दोऱ्याही कापल्या तर कापड नुसतं लोळतं.

नलिका मोडणाऱ्या अशाच काही औषधांचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असतं, ते ट्युब्युलिनला धरून नलिका जुळू देत नाही. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन येतं, तेही ट्युब्युलिनवरच बसतं. कॅन्सरसाठी ते घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि सुरुवात बहुधा बोटांपासून होते. सर्वांत लांब अक्षतंतू तिथेच संपतात. दोन्ही झाडं विषारी आहेत. लॅबमध्ये अर्क काढायचा उत्साह नको, शुद्ध औषध विकत घ्या.

मोजणं

फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षतंतूची लांबी, ग्रोथ कोनचं क्षेत्रफळ आणि मणीदार अक्षतंतूंचं प्रमाण एवढंच मोजा. कुठली डिश कुठली हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका, फाइलींची नावं मित्राकडून बदलून घ्या. एका गंडिकेतून दोनशे अक्षतंतू मोजले म्हणून तुमचा 'एन' (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) दोनशे होत नाही. तो एक भ्रूण आहे. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी उबवलेल्या अंड्यांवर तोच प्रयोग करा, आणि आलेखात प्रत्येक भ्रूणाचा ठिपका वेगळा दाखवा.

काचा अंधारात, ४ अंशांवर, आडव्या ठेवा. डब्यावर तारीख, अंड्याचा दिवस आणि फिक्सेटिव्ह किती अंशांवर होतं ते लिहा. सहा महिन्यांनी मणी दिसले, तर तेवढा शेवटचा आकडाच उपयोगी पडतो.